वार पडेपर्यंत

"जेवलीस का?"

मी चाकणच्या प्रसूतिगृहात रुजू व्हायला गेले, तेव्हा मोठ्या बाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. माझ्या हातात पुण्याच्या प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट होतं. ते मी पुढे केलं, तर त्यांनी ते खिडकीत ठेवलं, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर कात्री ठेवली, आणि मला आत नेऊन पिठलं-भाकरी वाढली. आतल्या खोलीत एक बाई कळा देत होती. मला घास गिळेना.

"खा," बाई म्हणाल्या. "उपाशी सुईण घाई करते. आणि घाई करणारी सुईण मला नको."

त्या स्वतः माझ्यासारख्याच शिकलेल्या मिडवाइफ होत्या, माझ्या कितीतरी वर्षं आधी. पण स्वतःला सुईणच म्हणवत. उंच, रुंद हाडाच्या, आवाज असा की बाजारपेठेतून हाक मारली तर एस.टी.च्या थांब्यावरचा माणूस वळून बघायचा. इरकली लुगडं, वर कडक धुतलेला पांढरा एप्रन. सगळं चाकण त्यांना मोठ्या बाई म्हणायचं. मी गेल्यावर आपोआप धाकट्या बाई झाले.

मी मूळची चिंचवडची. तिकडे पिंपरीत कारखाना उभा राहत होता, निर्वासितांच्या वसाहतीत रोज नवं दुकान निघत होतं, पुण्याला जायला रेल्वे होती. आणि माझी नेमणूक झाली ती कांदा-बटाट्याच्या गावात. वर्षभर कसंबसं काढायचं आणि पुण्याला बदली मागायची, असं मनाशी ठरवूनच मी आले होते. ते ठरवणं पुढे कुठे गळून पडलं ते मला कळलंही नाही. त्याला कारण मोठ्या बाई.

बाईंचा सगळा विक्षिप्तपणा बाळ जन्मल्यानंतर सुरू व्हायचा. तोपर्यंत त्या चारचौघींसारख्या. कळा चालू असताना कंबर चोळत, धीर देत, कधी दरडावत. पण बाळ बाहेर आलं, रडलं, पुसून आईच्या छातीशी दिलं, की बाकीच्या जगाचं बाळंतपण संपायचं आणि बाईंचं सुरू व्हायचं.

"आता कुणी बोलायचं नाही," त्या सांगायच्या. "अजून एक पाहुणी यायची आहे."

पाहुणी म्हणजे वार. नऊ महिने बाळाला पोसणारी ती वार आपल्या पावलांनी खाली येईपर्यंत बाईंच्या लेखी काहीच झालेलं नसायचं. गावातल्या म्हाताऱ्या वार पडायला उशीर झाला की कासावीस व्हायच्या. कुणी बाळंतिणीच्या तोंडात तिचीच वेणी कोंबून तिला ओकारी काढायला लावायची, कुणी नाळ धरून ओढायला बघायची. बाईंनी त्यावर अजब तोड काढली होती. कपाटात भुईमुगाच्या शेंगांची एक मोठी पिशवी भरलेली असायची. बाळंतिणीबरोबर सासू, जाऊ, आत्या, जी कुणी आली असेल, तिच्यापुढे सूप ठेवायचं आणि त्यात शेंगा ओतायच्या.

"फोडा."

"आता? शेंगा?"

"हात रिकामे असले की ओढायला शिवशिवतात. फोडा."

आणि त्या बायका खरंच शेंगा फोडत बसायच्या. बाई मात्र हात स्वच्छ धुऊन बाळंतिणीच्या पायथ्याशी स्टुलावर बसायच्या आणि वारेशी बोलायच्या. हो, वारेशी. "या, सावकाश या. उंबरा सांभाळा. तुम्हाला कुणी ओढणार नाही. मी बसलेय इथे." बाळंतीण थकलेली असली तरी हसायची. हसली की पोट हलायचं. बाळ छातीशी चोखत असायचं. आणि बहुतेक वेळा पाहुणी गुमान यायची.

आली की बाई ती परातीत पसरून खिडकीच्या उजेडात न्यायच्या आणि भाकरी भाजली गेलीय का बघावं तशी उलटून पालटून बघायच्या. कुठे तुकडा तुटून आत राहिलेला नाही ना, याची खात्री झाल्यावर म्हणायच्या, "पूर्ण." मगच हातावर पाणी घेऊन, तोंडभर हसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायच्या, "मुलगा झाला हो!" किंवा "मुलगी झाली हो!" दोन्ही वेळा आवाज तेवढाच.

त्याआधी ब्रह्मदेव आला तरी त्या सांगायच्या नाहीत. बाळ जन्मताच दुपट्यात असं गुंडाळायच्या की आईलाही चेहऱ्याखेरीज काही दिसू नये. हा नियम का, असं ज्याने त्याने विचारलं आणि ज्याला त्याला वेगळं उत्तर मिळालं. गुरवाला सांगितलं, खंडोबाला नवस आहे. दवाखान्याच्या डॉक्टरांना सांगितलं, इंग्रजी पुस्तकात लिहिलंय, तुमच्या आवृत्तीत नसेल. आणि सासवांना सांगायच्या, "वारेला कान असतात. मुलगी म्हटलं की रुसते, मुलगा म्हटलं की फुगते. दोन्हीकडून अडते."

मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बाळ रडलं की घरातल्या सगळ्यांची तोंडं कुठे वळतात, एकदा नीट बघ." मी पुढच्याच बाळंतपणात बघितलं. कुणी आशेने तर कुणी धास्तीने, पण झाडून सगळ्या बाळाकडे वळायच्या. जिच्या अंगातून रक्त वाहतंय तिच्याकडे कुणाचीच नजर नसायची. मुलगा की मुलगी ते समजत नाही तोवर मात्र कुणाचाच पाय खोलीतून निघायचा नाही. बाईंनी सगळ्यांची उत्सुकता बाळंतिणीच्या खाटेला बांधून ठेवली होती.

या नियमापायी एकदा गंमत झाली. खराबवाडीकडचे एक बागाईतदार होते, मिशीवाले, तालमीत तयार झालेले. त्यांच्या सुनेचं पहिलंच बाळंतपण. अंगणात येरझाऱ्या घालत होते. बाळाचा टाहो ऐकल्याबरोबर दाराशी येऊन ओरडले, "बाई, काय झालं?"

"थांबा."

"आवो, पर काय झालं त्ये तर सांगा!"

"वार पडली की सांगते."

"एवढ्या मोठ्यानं रडतंय म्हंजी पोरगाच! माझ्यावानी छाती हाय त्येची. व्हय की न्हाई?"

बाईंनी उत्तर दिलं नाही. म्हाताऱ्याने तो होकारच धरला. आत आम्ही वारेची वाट बघतोय आणि बाहेर एकाएकी हलगी वाजायला लागली. गडी धाडून त्यांनी वाजवणारे बोलावून आणले होते. पेढ्यांची टोपली आली. रस्त्यावर माणसं जमली. वार पडली, परातीत बघून झाली, "पूर्ण" म्हणून झालं, आणि बाई हात पुसत ओट्यावर आल्या.

"मुलगी झाली हो!"

हलगी थांबली. पेढे वाटणारा गडी हात अर्धवट पुढे करून उभा राहिला. म्हातारबुवांच्या मिशा खाली आल्या.

बाईंनी कमरेवर हात ठेवले. "थांबलात का रे? कुणी थांबायला सांगितलं?"

वाजवणारा पोऱ्या म्हाताऱ्याकडे बघायला लागला.

"त्यांच्याकडे काय बघतोस? त्यांनीच वाजवायला लावलंय ना? आवाजावरून छाती ओळखली त्यांनी. छाती तीच आहे, मी बघितलीय. वाजव."

कुणीतरी गर्दीत फिसकन हसलं. मग अजून कुणी. म्हातारबुवा बाईंकडे बघत राहिले, बाई त्यांच्याकडे. शेवटी त्यांनीच टोपलीतला एक पेढा उचलून स्वतःच्या तोंडात टाकला आणि खाकरून म्हणाले, "वाजीव रं! छाती तर हाय ना!" त्या दिवशी हलगी चांगली पेठेपर्यंत वाजत गेली. मुलीच्या जन्माला हलगी वाजलेली त्या भागात कुणी ऐकली नव्हती. पुढे ती मुलगी शाळेत मुलांना धरून बडवायची, असं ऐकलं.

माझं आणि बाईंचं जमायला मात्र वेळ लागला. वाद व्हायचा तो घड्याळावरून. आम्हाला शिकवलेलं असं, की बाळ झालं की वेळ बघायची, वार इतक्या वेळात आली पाहिजे, नाही आली तर हालचाल करायची. माझ्या एप्रनला टाचलेलं घड्याळ होतं. मी सारखी मान खाली घालून ते बघायची. बाई काही न बोलता पुढे होऊन माझ्या घड्याळावर तळहात ठेवायच्या.

एकदा मी चिडले. "बाई, वाट बघायची ती किती? तुम्ही बसून राहता. आणि एखादीला रक्तस्राव सुरू झाला तर?"

"तर उठायचं."

"पण कळणार कसं, घड्याळ न बघता?"

"घड्याळात रक्त दिसतं का गं?" त्या म्हणाल्या. "हात तिच्या पोटावर ठेव, डोळे तिच्या पायांमध्ये ठेव, कान तिच्या तोंडाशी. मग उरलाच एखादा डोळा तर बघ घड्याळ."

मला ते तेव्हा नुसतं टाकून बोलणं वाटलं. ते किती खरं होतं, हे सोनाच्या बाळंतपणात कळलं.

सोना महाळुंग्याची. तिला आधीच्या तीन मुली. बाजाराच्या दिवशी सकाळी बैलगाडीतून तिला आणलं. बरोबर सासू आली होती. किडकिडीत, नाकात नथ, बोलणं कोयत्यासारखं. सोनाला गाडीतून उतरवून घेतानाच ती म्हणाली, "ह्या खेपंला पोरगी झाली तर सांगून ठिवते बाई, हिला परस्पर म्हायेरी धाडनार. पोरींस्कट." सोना खाली मान घालून आत गेली. तिला हे नवीन नव्हतं.

"धाडा की," बाई म्हणाल्या. "आधी जगू-वाचू दे तिला."

दुपारी बाळ झालं. रडलं. बाईंनी नेहमीप्रमाणे गुंडाळून सोनाच्या छातीशी दिलं. सासूने मान उंच केली.

"काय हाय?"

"शेंगा आहेत," म्हणत बाईंनी सूप पुढे सरकवलं.

आम्ही बसलो. बाई पाहुणीशी बोलायला लागल्या. सोना हसली नाही. तिला माहीत होतं, बाहेर काय वाट बघतंय. तिचा हात बाळाच्या पाठीवर होता, पण बोटं ढिली होती. माझा हात तिच्या पोटावर होता आणि ते पोट मला आवडेना. आत गर्भाशय घट्ट गोळा व्हायला हवं, ते कणकेसारखं मऊ लागत होतं. मी खाली बघितलं. धार मोठी झाली होती.

"बाई," मी म्हटलं. "रक्त."

त्यांनी एकदा बघितलं आणि त्या उठल्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. गोष्टी गेल्या, पाहुणी गेली, आवाज एकदम खाली आला. नळी घालून लघवी काढली, इंजेक्शन दिलं, माझा हात बाजूला करून पोट चोळायला लागल्या. गर्भाशय थोडं आवळलं, धार कमी झाली. पण वार जागची हलेना आणि हात काढला की पोट पुन्हा ढिलं पडायचं.

डॉक्टर त्या दिवशी खेडला गेले होते.

"पुण्याला न्यायचं," बाई म्हणाल्या. "आता वाट बघायची नाही. तू धर, सोडू नकोस." आणि रक्ताने भरलेल्या एप्रनसकट त्या बाजारात गेल्या.

आमच्यासमोरच एका बागवान चाचांची बटाट्याची लॉरी भरत होती. बाईंना बघून हमालांनी पोती खाली ठेवली. चाचांनी एका शब्दाने काही विचारलं नाही. हमाल वरची पोती उतरवू लागले तर ओरडले, "सगळी नको! खालचा थर राहू द्या. रिकामी गाडी उडते, पोरीला धक्के बसतील." पोत्यांवर आमच्या गाद्या टाकल्या, त्यावर सोनाला निजवलं. बाळ कुणी धरायचं? चाचांनी केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून दोन्ही हात पुढे केले. "द्या इकडं. सात भावंडं वाढवलीत मी."

मी सोनाच्या पोटावर दोन्ही हातांनी दाब धरून बसले. सासू लॉरीत चढली आणि कोपऱ्यात अंग चोरून बसली. बाईंनी तिला दंडाला धरून ओढलं, मांडी घालायला लावली आणि सोनाचं डोकं तिच्या मांडीवर ठेवलं.

"हिचे ओठ बघत बसा," त्या म्हणाल्या. "रंग बघा. पांढरे पडायला लागले की मला सांगायचं. आणि हिला झोपू द्यायचं नाही. दुसरीकडे बघायचं नाही. कळलं?"

"व्हय," सासू म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता.

लॉरी नाशिक रस्त्याने पुण्याकडे निघाली. ऊन होतं. बाई एका हाताने सोनाची नाडी धरून, दुसऱ्या हाताने तिच्या डोक्यावर पदर धरून सावली करत होत्या. मी पोटावरचा दाब सैल होऊ देत नव्हते. माझे खांदे भरून आले. आणि सासू सोनाच्या तोंडाकडे बघत होती. पहिल्यांदा घाबरून, नुसती सांगितलंय म्हणून. मग तिने पदराचं टोक ओलं करून ओठ पुसले. मग केस बाजूला केले.

"सोने," ती म्हणाली. "ए सोने. डोळं उघड. निजायचं न्हाई."

सोनाने डोळे उघडले.

"म्हशीला कोन पिळनार आज? माझ्या हाताला ती ऱ्हात न्हाई. तुलाच लागती. ऐकतीस का?"

"व्हय," सोना म्हणाली. अगदी बारीक आवाजात.

"मग डोळं उघडं ठेव."

मोशीच्या अलीकडे, नदीच्या पुलापाशी लॉरी थांबली. धनगराची मेंढरं पूल ओलांडत होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मेंढरं आपल्या गतीने चालली होती. हादरे थांबले. नदीवरून वारा आला. आणि माझ्या हातांखाली सोनाचं पोट हळूहळू आवळत गेलं. कणकेचा गोळा नारळासारखा टणक झाला.

"बाई!" मी म्हटलं.

बाई पायथ्याशी सरकल्या. हात नुसता खाली ओंजळीसारखा धरला, ओढलं नाही, आणि वार त्यांच्या ओंजळीत आली. मी पोट धरूनच होते. रक्त थांबलं होतं. थेंब थेंब, मग तेही नाही.

बाईंनी ती वार उन्हात पोत्यावर पसरली. मेंढरांमागचा धनगर काठीवर हनुवटी टेकून बघत होता. बाईंनी एक बाजू बघितली, दुसरी बघितली, कडेने बोट फिरवलं.

"पूर्ण!" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की पुलावरची मेंढरं उधळली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. मीही हसत होते, रडत होते, हात मात्र सोडला नव्हता. चाचांनी केबिनमधून बाळ वर धरून दाखवलं. बाईंनी श्वास घेतला आणि नेहमीसारखं जाहीर केलं, "मुलगी झाली हो! सोने, मुलगी झाली!"

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण हे कुणासमोर बोललो. आम्ही दोघींनी सासूकडे बघितलं.

सासूने मान वर केली नव्हती. तिने नुसता हात हलवला, कानाशी माशी आल्यासारखा.

"आवो बाई, वाईच गप ऱ्हावा की," ती म्हणाली. "मला तिचं व्हट बघू द्या."

बाई गप्प राहिल्या.

मेंढरं गेली, लॉरी निघाली. रक्त फार गेलं होतं म्हणून माघारी न वळता सोनाला पुण्याला नेलंच. इस्पितळात तिला रक्त दिलं. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा ती जागी होती, बाळाला पाजत होती. सासू खाटेशेजारी खाली पदर पसरून बसली होती. बाईंनी तिला म्हटलं, "घरी चला, लॉरी परत चाललीय. इथे नर्सा आहेत." तर म्हणाली, "नर्सांना म्हाईत हाय का तिचा रंग? त्यांनी सकाळपासनं बघितलाय का? मी बघितलाय." आणि ती तिथेच राहिली. सोना बरी होईपर्यंत राहिली. पुढे सोना माहेरी गेली, ती दिवाळीला, सगळ्या पोरींसकट, आणि सासूच तिला आणायला गेली. बाजारात त्या दोघी मला कितीदा दिसायच्या. सासूचं बोलणं तसंच कोयत्यासारखं होतं. फक्त बोलताना ती सुनेच्या तोंडाकडे बघायची.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. चाचांनी बटाटे उतरवून दिले होते आणि आम्ही दोघी रिकाम्या लॉरीत, गाद्यांच्या वळकटीवर बसून चाकणला परत चाललो होतो. गाडी खरंच उडत होती. बाईंचा अंबाडा सुटला होता, एप्रन कडक झाला होता. मला वाटलं, आता त्या दिवसभराचं सगळं बोलतील. पूल आला, गेला.

मग एकाएकी त्या हसायला लागल्या. एवढ्या की त्यांना लॉरीची फळी धरावी लागली.

"काय झालं, बाई?"

"अगं," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "इतकी वर्षं मी सासवांना गप्प बसवत आले. आज एका सासूने मला गप्प बसवलं."

पुढे गाडीने असा एक दणका दिला की आम्ही दोघी एकमेकींच्या अंगावर पडलो.

"काय बरं वाटलं गं!" मोठ्या बाई म्हणाल्या.